कोप, मान आणि देव

सोलापूर जिल्ह्यातील नाझरे (ता. सांगोला) हे श्रीधर कवींचे गाव. १७१२ च्या सुमारास 'पांडवप्रताप' रचून त्यांनी महाभारत ओवीरूपाने मराठी घराघरांत पोहोचविले. भरसभेतील द्रौपदीचा अवमान, भीमाची प्रतिज्ञा आणि वस्त्रे पुरविणारा श्रीकृष्ण हा त्यातील सर्वपरिचित प्रसंग.

होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याचे सूत्रही मान आणि कोप हेच आहे. अकिलीसला पराक्रमाबद्दल मिळालेली बंदिनी ब्रिसीस राजा अॅगमेम्नॉन हिरावून घेतो. ही सर्वांदेखत झालेली मानहानी. अकिलीस तलवारीला हात घालतो, तोच अथेना देवी मागून केस धरून त्याला आवरते. हत्या टळते, क्रोध मात्र टळत नाही. अकिलीस रणातून दूर होतो आणि त्याचा जिवलग पॅट्रोक्लस प्राणास मुकतो. द्रौपदीची लाज राखली गेली, तरी कुरुक्षेत्र कुठे टळले?

देव क्षण सावरतो. राग विरघळतो तो दुसऱ्याच्या दुःखाने. पुत्र हेक्टरचे शव मागणाऱ्या वृद्ध प्रायमला पाहून अकिलीसला स्वतःचा पिता आठवतो. देवाज्ञा आधीच झालेली असते. अश्रू मात्र त्याचे स्वतःचे असतात. भागवतातील द्रौपदीही पुत्रघातकी अश्वत्थाम्याला सोडावयास सांगते. आपल्यासारखे त्याच्या आईने रडू नये, एवढेच तिचे मागणे.