संशयाचे गणित

एका रात्री आमच्या हातून एक गोष्ट घडली. ती सांगताना संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही. अकरावीत शिकणारा आमचा मुलगा झोपला होता. त्याचा मोबाईल उशाशी चार्जिंगला लावलेला होता. पासवर्ड आम्हाला ठाऊक होता. आम्ही मोबाईल हळूच उचलला, स्वयंपाकघरात गेलो आणि उघडला.

कारण एकच होते, भीती. कुठले स्टेटस कधी अंगाशी येईल, कोणी पाठवलेला व्हिडिओ पुढे ढकलला म्हणून कोणाला ठाण्यात बसावे लागेल, काही सांगता येत नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, नुकती फुटलेली दाढी आणि आपले नाव. ही भीती आपल्या घरांत कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

संदेशांत काही नव्हते. क्रिकेट, क्लासच्या नोट्स, मित्रांची थट्टामस्करी. पण एक इंग्रजी पुस्तक उघडे होते. चार पाने पुढे सरकवून पाहिली तर बॉम्बस्फोट, डोक्यावर पिशव्या चढवलेली मुले, हात बांधून चाललेली चौकशी. छातीत धस्स झाले. सकाळी उठल्याबरोबर त्याला फैलावर घ्यायचे असे ठरवूनच आम्ही झोपलो.

फजरनंतर मात्र मन थोडे थाऱ्यावर आले. वर्गात आम्ही मुलांना नेहमी सांगतो की पुस्तक वाचल्याशिवाय त्याबद्दल मत देऊ नये. मग स्वतःच्या मुलाला वेगळा न्याय का? आधी पुस्तक वाचायचे ठरले.

पुस्तकाचे नाव ‘लिटल ब्रदर’. लेखक कोरी डॉक्टरो, जन्माने कॅनडाचे. २००८ साली प्रसिद्ध झालेली ही किशोरवयीन वाचकांसाठीची विज्ञान कादंबरी आहे आणि तिची चाल रहस्यकथेसारखी वेगवान आहे. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’मधील सर्वांवर नजर ठेवणाऱ्या ‘बिग ब्रदर’वरून हे नाव बेतले आहे. लेखकाने पुस्तक छापील स्वरूपात विकायला आणले आणि त्याच वेळी इंटरनेटवर विनामूल्यही ठेवले. त्यामुळे मुलाने ते कुठून चोरून घेतले नव्हते, हा पहिला संशय पहिल्याच दिवशी फिटला. आमचे विषय उर्दू आणि मराठी. शब्दकोश शेजारी ठेवून इशानंतर वाचत बसलो तेव्हा चार रात्रींत पुस्तक संपले.

गोष्ट सॅन फ्रान्सिस्को शहरातील आहे. मार्कस यालो हा सतरा वर्षांचा हुशार आणि खोडकर मुलगा. शाळेत मुलांच्या चालण्याच्या लकबीवरून त्यांना ओळखणारे कॅमेरे आहेत, म्हणून हा पठ्ठ्या बुटात खडे घालून चालतो. एके दिवशी तो आणि त्याचे तीन मित्र शाळा बुडवून एक खेळ खेळायला बाहेर पडतात आणि त्याच वेळी शहरातील मोठ्या पुलावर अतिरेकी हल्ला होतो. पळापळीत डॅरिल या मित्राला कोणीतरी भोसकते. मदतीसाठी मुले रस्त्यात एक गाडी थांबवतात. ती सुरक्षा यंत्रणेची निघते. मदत राहते बाजूला, मुलांच्याच डोक्यावर पिशव्या चढतात.

मार्कसचा गुन्हा काय? तो चुकीच्या वेळी चुकीच्या जागी होता आणि मोबाईलचा पासवर्ड द्यायला त्याने नकार दिला. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. माझे ते माझे, एवढेच त्याचे म्हणणे. काही दिवस अंधारकोठडीत ठेवून, अपमान करून त्याच्याकडून सगळे वदवून घेतात आणि बाहेर काही बोललास तर याद राख, असा दम देऊन सोडतात. डॅरिल मात्र परत येत नाही. घरी आई-वडील मुलगा मेला असे समजून रडत बसलेले. तो परत येतो, पण कुठे होता ते सांगू शकत नाही.

पुढे मार्कस आणि इतर मुले शहरभर पसरलेल्या पाळतीविरुद्ध लढतात. कोण कुठे गेला याची नोंद करणारी प्रवासाची कार्डे ही मुले गोंधळात टाकतात, खेळाच्या यंत्रांतून गुप्त जाळे उभारतात. तरुण वाचकाला खिळवून ठेवणारा भाग हाच आहे. आमचे मन मात्र एका गणिताशी अडकून राहिले. ते गणित पुस्तकात मार्कस समजावून सांगतो. दुसऱ्या दिवशी आम्ही आपले आकडे घालून ते दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडले.

समजा, १० लाख वस्तीच्या शहरात १० जण खरोखर घातपाती आहेत. त्यांना शोधणारे एक यंत्र आणले. ते ९९ टक्के अचूक आहे. मुलांना विचारले, “यंत्र कसे आहे?” सगळे एका सुरात म्हणाले, “एकदम भारी!”

मग हिशेब केला. ९९ टक्के अचूक म्हणजे शंभरात एक चूक. उरलेल्या ९ लाख ९९ हजार ९९० निर्दोष माणसांपैकी एक टक्का, म्हणजे जवळजवळ १० हजार जणांवर यंत्र बोट ठेवणार. खरे घातपाती सगळेच्या सगळे सापडले असे धरले तरी ते दहाच. म्हणजे यंत्राने पकडलेल्या दर हजार माणसांमागे अपराधी एक आणि बाकीचे निर्दोष. वर्ग गप्प झाला. हिशेबात आमची काही चूक तर होत नाही ना, म्हणून गणिताच्या सरांना बोलावून आणले. त्यांनी फळा पाहिला आणि म्हणाले, “बरोबर आहे. शोधायची वस्तू जितकी दुर्मीळ, तितकी खोटी सापडणी जास्त.”

मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर्वांनाच तपासतात, की काहींनाच?” प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला.

कादंबरीतही हा प्रश्न येतो. मार्कसचा मित्र जोलू लढ्यातून अंग काढून घेतो. का, ते तो स्पष्ट सांगतो. मार्कस गोरा आहे, जोलूची कातडी सावळी आहे. दोघे पकडले गेले तर दोघांच्या वाट्याला सारखी शिक्षा येणार नाही. हे पान आम्ही दोनदा वाचले. पुस्तकातले मुख्य पात्र गोरे असल्यामुळे त्याच्यावरचा अन्याय वाचकाला धक्का देतो. हेच एखाद्या मुस्लिम मुलाच्या बाबतीत घडले असते तर किती वाचकांना धक्का बसला असता, हा प्रश्न आमच्या मनात राहून गेला. कादंबरीत मुस्लिम माणसाला फारशी जागा नाही, ही आमची तिच्याविषयीची तक्रारही आहे.

कारण प्रत्यक्षात हे घडले ते प्रामुख्याने मुसलमानांच्या बाबतीत. न्यूयॉर्क पोलिसांच्या एका पथकाने अनेक वर्षे मुस्लिम वस्त्यांतील मशिदी, चहा-कॉफीची दुकाने आणि विद्यार्थी संघटना यांवर पाळत ठेवली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०११ मध्ये ते उघडकीस आणले आणि त्या बातम्यांना पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये पोलीस अधिकाऱ्याने न्यायालयीन साक्षीत मान्य केले की या पथकाच्या कामातून दहशतवादाचा एकही तपास उभा राहिला नाही. २०१४ मध्ये पथक बंद झाले. आमच्या फळ्यावरच्या गणिताचा हा जिवंत दाखला.

शाळेतील पाळत ही तरी कल्पना असावी असे वाटले होते. तेही नाही. पुस्तक आल्यानंतर दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, पेन्सिल्वेनियातील एका सरकारी शाळा-विभागाविरुद्ध दावा दाखल झाला. विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यांतून मुलांची त्यांच्या घरातील छायाचित्रे टिपली गेली होती. शेवटी ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

आपल्याकडचेही एक उदाहरण आमच्या पेशातले आहे. मुंबईतील शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांना २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात अटक झाली. नऊ वर्षे तुरुंगात काढल्यावर २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्यांनी आपली हकिगत ‘बेगुनाह कैदी’ या पुस्तकात लिहिली आहे. दहा हजार हा आकडा फळ्यावर लिहायला सोपा असतो. त्यातील प्रत्येक एकाला घर असते, वर्ग असतो, वाट पाहणारी मुले असतात.

इथवर आम्ही वाचक म्हणून पुस्तकाच्या बाजूने होतो. यंत्रणा संशय घेते, निर्दोष भरडले जातात, अगदी खरे. चौथ्या रात्री पुस्तक मिटताना मात्र आठवले की हे पुस्तक आमच्या हाती आलेच मुळी पाळतीतून. आम्हीही एक मोबाईल न विचारता उघडला होता. आम्हालाही वाटले होते की भल्यासाठीच करतो आहोत.

कुरआनच्या सूरह अल-हुजुरातची बारावी आयत आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. फार संशय घेण्यापासून दूर राहा, काही संशय तर पाप असतात आणि एकमेकांची टेहळणी करू नका, अशा आशयाचा आदेश तिथे आहे. हा ‘तजस्सुस’ शब्द आपण बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी राखून ठेवतो. हजरत उमर (रजि.) यांची रिवायत सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून गाण्याचा आवाज आला म्हणून ते भिंत ओलांडून आत गेले. आतला माणूस दोषी होताच. पण तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, माझी चूक एक, आपल्या तीन. आपण टेहळणी केली, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगीही घेतली नाही. खलिफांनी ते मान्य केले. ज्यांच्या हाती एवढी सत्ता, त्यांनी ऐकून घेतले. आमच्या हाती तर फक्त एक मोबाईल होता.

पाचव्या दिवशी मगरिबनंतर आम्ही मुलाला समोर बसवले आणि सांगून टाकले. तो शांतपणे म्हणाला, “मला माहीत आहे. सकाळी पुस्तक उघडलं तेव्हा पान चार पुढे गेलेलं होतं.”

“मग पासवर्ड का नाही बदललास?”

“बदलला असता तर तुम्हाला वाटलं असतं, हा काहीतरी लपवतोय.”

आम्ही निरुत्तर झालो. चार दिवस आमचे लेकरू स्वतःच्याच घरात निर्दोष असल्याचा पुरावा देत वावरत होते. अबू दाऊद यांच्या संग्रहात प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हदीस आहे. लोकांच्या उणिवांच्या मागे लागाल तर त्यांनाच बिघडवाल, असा तिचा आशय आहे. तिचा अर्थ त्या संध्याकाळी नीट कळला.

कादंबरीतही नेमके इथेच वळण आहे. मार्कसचे वडील सुरुवातीला म्हणतात, लपवायचे नसेल तर भ्यायचे कशाला? मग प्रवासाच्या नोंदी वेगळ्या दिसतात म्हणून पोलीस त्यांनाच अडवतात. मुलगा आणि बाप एकमेकांशी धड बोलत नाहीत. मुलाच्या साऱ्या तांत्रिक करामती चालू असतात, पण डॅरिल काही सुटत नाही. वारे फिरते ते मार्कस धीर करून आई-वडिलांना सगळे सांगतो तेव्हा. ते त्याला ओळखीच्या शोधपत्रकार बाईंकडे घेऊन जातात, प्रकरण उजेडात येते आणि अखेर राज्याचे पोलीसच त्या गुप्त तुरुंगाचे दार उघडतात. शेवट पूर्ण गोड नाही, पण मित्र जिवंत सापडतो.

म्हणून मुलांच्या हाती हे पुस्तक देणाऱ्यांना दोन शब्द. मार्कसच्या युक्त्या शिकण्यासाठी हे पुस्तक नाही. आपल्या मुलाने असला खेळ केला तर जोलूने सांगितलेलीच गत होईल, हे त्याला स्पष्ट सांगा. पुस्तकात मुलामुलींचे प्रेमसंबंध आहेत, आपल्या घरांत न चालणाऱ्या काही गोष्टी आहेत. तेव्हा सोळाच्या पुढच्या मुलांना द्या आणि आधी स्वतः वाचा. २०१४ मध्ये फ्लोरिडातील एका शाळेत मुख्याध्यापकांनी या पुस्तकाच्या सामूहिक वाचनाचा उपक्रमच रद्द केला होता. तेव्हा लेखक आणि प्रकाशकांनी तिथल्या विद्यार्थ्यांसाठी २०० प्रती मोफत पाठवल्या. आम्ही त्या मुख्याध्यापकांच्या जागी असतो तर काय केले असते? त्या पहिल्या रात्री आम्हीही बंदीच घातली असती.

आमच्या घरी आता एक ठराव झाला आहे. मोबाईल इशानंतर सर्वांचाच दिवाणखान्यातल्या कपाटावर, आमचाही. शंका आली तर आम्ही विचारायचे आणि त्याने खरे सांगायचे. काही अडचण आली, कोणी काही आक्षेपार्ह पाठवले, कोणी धमकावले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याने आम्हाला उठवायचे. आम्ही आधी ऐकून घेऊ, रागवायचे असेल तर नंतर. बाहेर कोणी त्याच्यावर संशय घेतला तर तो कोणाकडे धावणार, हे घरातच ठरायला हवे.

दुसऱ्या दिवशी त्याने पासवर्ड बदलला आणि आम्हाला तसे सांगितलेही. नवा पासवर्ड आम्ही विचारला नाही. भीती गेली असे म्हणणार नाही. रात्री अजूनही हात त्या कपाटाकडे जातो. अल्लाह तआला आपल्या मुलांचे रक्षण करो आणि आपल्याला संशयाऐवजी विश्वासाने वागण्याची तौफिक देवो. आमीन.