ओळखीतल्या काकांची जुनी शिकारी रायफल विकायला निघालीय, घ्यायची का?

समजा, तुम्ही वारज्यात राहता. ओळखीतल्या एका काकांकडे चाळीसेक वर्षांपूर्वीची ब्रनो रायफल आहे. लाकडी दस्ता अजून चकाकतोय, बोल्ट मागेपुढे केला की खटकन बसतो. हे मॉडेल कधीचंच बंद झालंय. ज्या चेकोस्लोव्हाकियात ते बनलं, तो देशही १९९३ मध्ये दोन झाला. काका म्हणतात, "माझं आता वय झालं. तू घेतोस का?"

मोह होणारच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं जवळपास बंद आहे. त्यामुळे अशा जुन्या विदेशी रायफलींना आपल्याकडे वेगळाच भाव असतो. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ पाहिले तर वाटेल की नळी तपासली, भाव केला, झालं काम. आपल्याकडे नळीचा नंबर बराच मागे लागतो.

पहिला प्रश्न: ती घेऊन करणार काय?

शिकार? विसरा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यानंतर हौसेची शिकार देशात शिल्लक नाही. पिकांचं नुकसान करणारं रानडुक्कर असो की नरभक्षक बिबट्या, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय गोळी चालवता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यात नरभक्षक बिबट्याला गोळी घातली गेली, तीही वनविभागाच्या आदेशानंतर. "मुळशीला आपलं शेत आहे, डुकरं येतात" एवढं कारण पुरत नाही.

मग नेमबाजी? वारज्याहून हायवेने बालेवाडी जवळ आहे. पण कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तो .२२ बोरच्या छोट्या काडतुसाचा खेळ आहे. मोठ्या बोरची शिकारी रायफल तिथे उपयोगाची नाही.

खरी अडचण परवान्याची

ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ सगळ्या बंदुकांना एका मापाने मोजत नाही. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक (म्हणजे साधी बारा बोर), पीक राखायला ठासणीची बंदूक, रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी .२२ रायफल. यांच्याबाबत, बाकी सगळं ठीक असेल तर, परवाना द्यावा असं कायदा म्हणतो. मोठ्या बोरची रायफल या यादीत नाही. तिथे 'सबळ कारण' आहे हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं. पुणे शहरात हा निर्णय पोलीस आयुक्तांकडे असतो आणि चौकशी स्थानिक ठाण्यातून होते. "जुनी आहे, छान दिसते" हे कारण अर्जात कसं लिहिणार, तुम्हीच सांगा.

आधीच परवाना असेल तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात, आधी ही मर्यादा तीन होती. दोन्ही जागा भरलेल्या असतील तर विषय संपला.

"पैसे घे, रायफल दे" चालत नाही

परवानाधारकाला दुसऱ्या परवानाधारकाला बंदूक विकता येते. मात्र विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह आधी लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. ती तुमच्या परवान्यावर चढायलाही हवी. "कागद नंतर करू, आत्ता घेऊन जा" म्हणणारा माणूस कितीही जवळचा असला तरी नाही म्हणा. विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान २ आणि कमाल ५ वर्षं तुरुंगवास आहे.

काकांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, की २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्यांच्या मुला-मुलीला हवी असेल तर तोच रस्ता सरळ आहे. काका गेल्यावर कागदांशिवाय ती कपाटात पडून राहिली, तर घरच्यांच्याच अंगाशी येईल.

एवढं सगळं जमलं, तर मग रायफल बघा

नळीवर कोरलेला बोर आधी वाचा आणि परवानाधारक दुकानात विचारा, याची काडतुसं मिळतात का? सरकारी कारखान्यांच्या .३१५ रायफलीची काडतुसं देशात बनतात. विदेशी बोरांचं तसं गृहीत धरू नका. नावांचाही घोळ असतो. जिम कॉर्बेटची गाजलेली .२७५ रिग्बी आणि जर्मन ७ बाय ५७ माउझर यांचं काडतूस एकच. उलट .३०३ हा लष्करी बोर, सामान्यांना बंदी असलेला. 'बोर बदलून घेऊ' हा घरगुती जुगाड तर अजिबात नको.

बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का, तो परवान्यावर आहे तोच आहे का, हे पाहा. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर काडतूस चेंबरमध्ये नीट बसेलच याची खात्री नसते. ते सैल बसलं तर गोळी सुटताना टरफल फाटून गरम वायू तोंडावर येऊ शकतो. ही मोजणी गेज लावून जाणकार कारागीरच करतो, डोळ्यांनी कळत नाही. नळीतून उजेडाकडे बघा. आटे ठळक हवेत, गंजाचे खड्डे नकोत. जुन्या काडतुसांच्या बारुदाने नळ्या आतून खाल्लेल्या असतात. दस्त्याला बोल्टच्या मागे बारीक चीर आहे का, तेही तपासा. आणि टरफल बाहेर ओढणारा छोटा आकडा झिजला असेल तर बंद मॉडेलचा तो तुकडा मिळणार कुठून, हे घेण्याआधी विचारा.

माझं मत विचाराल तर परवाना नसलेल्या वारजेकराने या भानगडीत पडू नये. परवाना आहे, एक जागा रिकामी आहे, काडतूस मिळतंय आणि नंबर जुळतायत, अशा माणसाने ४५ दिवस थांबून खुशाल घ्यावी. निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करायचा निरोप येऊ शकतो, तेवढी तयारी ठेवा.