निखाऱ्याखालची फट

मिरजगावात नगर-सोलापूर रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं एक बिऱ्हाड उतरलं होतं. एका चहावाल्याने शेगडीची जळून गेलेली जाळी नवी करायला दिली होती. ते काम बघत मी तिथेच बसलो.

मुलगा पंखा फिरवत होता. बापाने सांडशीत धरलेला लालबुंद गज ऐरणीवर ठेवायचा आणि आईने घण घालायचा. गोल गज चौकोनी होत होता. कशासाठी, ते जाळी जुळवताना कळलं. चौकोनी गजाची कोर वर ठेवली की राख दोन्ही उतारांवरून घसरते, साचत नाही. दोन गजांत बोटभर फट. जास्त ठेवली तर निखारा गळतो, कमी ठेवली तर राखेने बुजते आणि विस्तव मंदावतो.

कड्यात बसवलेला गज मी हलवून पाहिला, तर खुळखुळला. "दादा, तंग बसवला तर तापल्यावर वाकतोय," बाई म्हणाल्या. फूटभर गज लाल होईस्तोवर दोन-अडीच मिलिमीटर लांबतो. तेवढी जागा त्यांनी नुसत्या नजरेने सोडली होती!

चुलीला जाळी लागत नाही, लाकूड राखेच्या थरावरही जळतं. कोळशाला मात्र खालून हवा हवी. इंग्लंडात लाकूड महागलं, घरोघर दगडी कोळसा आला आणि तिथल्या शेकोटीलाही जाळी बसली. रॉबर्ट अॅडम हा वास्तुकार 1755 ते 1757 या काळात इटलीत राहून जुने रोमन अवशेष अभ्यासून आला. त्याच्या शैलीत ही जाळी नटली: टोकांना कलश, पुढच्या गजांना बाक, खाली नक्षीची झालर. 1759 साली स्कॉटलंडात निघालेला कॅरन कारखाना अशा जाळ्या बिडाच्या ओतायचा. लाकडी नमुन्याचा वाळूत ठसा घ्यायचा आणि त्यात रस सोडायचा, की लाकडावर कोरलेली वेल जशीच्या तशी लोखंडात उतरे. झालरही आरपार कोरलेली, म्हणजे हवेची वाट मोकळीच. अशी जुनी जाळी पाहताना लोकांची नजर कलशांवर जाते. मी आधी गजांमधल्या फटी पाहीन.

बीड तापलेलं असताना त्यावर पाणी पडलं तर तडकतं. घडीव गज वाकला, तरी तापवून पुन्हा सरळ करता येतो. चहाच्या टपरीवर दूध रोज उतू जातं. तिथे घडीवच हवी.