संस्कार आणि नोंद

विवाह हा संस्कार की करार, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. हिंदू धर्मशास्त्राने त्याला संस्कारांत स्थान दिले; इस्लाममध्ये निकाह हा करार असला तरी त्यास धर्माचे अधिष्ठान आहे; रोमन कॅथॉलिक पंथ विवाहाला आपल्या सात संस्कारांपैकी एक मानतो. म्हणूनच समलिंगी व्यक्तींच्या विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी काय, हा प्रश्न निघताच धर्मश्रद्धा पुढे येतात. त्या श्रद्धा खऱ्या की खोट्या, याचा निवाडा मला करावयाचा नाही. श्रद्धेचे क्षेत्र कोठे संपते आणि कायद्याचे कोठे सुरू होते, एवढेच पाहावयाचे आहे.

या दोन क्षेत्रांची फारकत आपल्या देशात धर्मनिष्ठ माणसांच्याच गरजेतून झाली. केशवचंद्र सेन यांचे अनुयायी ब्राह्म पारंपरिक विधी वगळून विवाह करीत. ते विवाह कायदेशीर ठरतात की नाही, अशी शंका निघाल्यामुळे त्यांनी स्वतंत्र कायदा मागितला. आदि ब्राह्मसमाजाने मात्र, ‘आम्ही हिंदूच आहोत,’ असे सांगून त्यास विरोध केला. अखेर १८७२ साली कायदा झाला, तो एका विलक्षण अटीसह. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणताही धर्म मानीत नाही, असे वधूवरांनी लिहून द्यावयाचे! सरकारदरबारी लग्न करावयाचे तर आपल्या देवघराकडे पाठ फिरविणे भाग होते. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने ही अट हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती सैल झाली, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती सर्वांसाठीच गेली. धर्म न सोडता केवळ नागरिक म्हणून विवाह करता यावा, एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास ८२ वर्षे लागली.

श्रद्धावंतांची एक भीती मात्र गंभीरपणे ऐकण्याजोगी आहे. आज समलिंगी विवाहाचा कायदा झाला, तर उद्या आमच्या पुरोहितावर, काझीवर वा धर्मगुरूवर असे लग्न लावण्याची सक्ती होईल, अशी ती भीती. इंग्लंड व वेल्ससाठी २०१३ साली झालेल्या कायद्याने तिला लेखी उत्तर दिले आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने असे विवाह लागत नाहीत. इतर पंथांनी आपण होऊन संमती दिली तरच त्यांच्याकडे ते लागतात, आणि नकार देणाऱ्या धर्मगुरूला कायद्याचे संरक्षण आहे. क्वेकर पंथाने अशी संमती आनंदाने दिली. धर्म नेहमी एकाच बाजूस उभा असतो, ही समजूतही त्यामुळे दूर होते.

परंतु धर्मगुरू वेगळा आणि सरकारी निबंधक वेगळा. लंडनच्या इस्लिंग्टन भागातील एका निबंधक बाईंनी आपल्या ख्रिस्ती श्रद्धेमुळे समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची नोंद करण्याचे नाकारले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा जानेवारी २०१३ मधील निर्णय त्यांच्याविरुद्ध गेला. त्यांना आपल्या श्रद्धेची किंमत मोजावी लागली, हे नाकारता येत नाही. तथापि सरकारी मेजाशी बसलेल्या माणसापुढे येणारा अर्जदार हा प्रथम नागरिक असतो, हे तत्त्व मला स्वतः सरकारी नोकर या नात्याने पटते.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ व्यक्तींमधील संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा नाही, असे ठरविले. पुढे विवाहाच्या मान्यतेसाठी अर्ज आले, तेव्हा न्यायालयाने निरनिराळ्या धर्मांचे विवाहविषयक कायदे बाजूस ठेवून विशेष विवाह कायद्यापुरताच विचार केला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निर्णय दिला, की विवाह हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि कायदा बदलणे हे विधिमंडळाचे काम आहे. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. आता प्रश्न संसदेकडे, म्हणजे पर्यायाने आपणा सर्वांकडे आला आहे.

या वादात पणाला लागलेल्या गोष्टी अगदी रोजच्या व्यवहारातल्या आहेत. दोघांनी वीस वर्षे एका छपराखाली काढली आणि त्यांतला एक मृत्युपत्र न करता गेला, तर मागे राहिलेला कायद्याच्या दृष्टीने परकाच ठरतो. त्याला वारसा नाही, आणि मृत जोडीदार सरकारी नोकर असला तरी कुटुंब-निवृत्तिवेतनही नाही.

तेव्हा दोन प्रश्न वेगवेगळे ठेवणे श्रेयस्कर होय. माझा धर्म अशा विवाहास पवित्र मानतो काय, या पहिल्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या ग्रंथांत, गुरुजनांपाशी आणि अंतःकरणात शोधावे. माझ्या धर्माने दिलेले उत्तर शेजाऱ्यावर कायद्याने बंधनकारक असावे काय, हा दुसरा प्रश्न. त्याचा विचार करताना, लग्नाच्या नोंदीसाठी धर्म नाकारावयास लावणारा १८७२ चा कागद आठवावा. श्रद्धा सोडण्याची सक्ती आपल्याला अन्यायाची वाटली, म्हणून आपण ती काढून टाकली. दुसऱ्याची श्रद्धा पाळण्याची सक्ती न्यायाची कशी ठरेल?