समुद्र एक, लाप्तेव दोन

बालमित्रांनो, मागच्या रविवारी वर्गात नकाशा उघडला, तेव्हा सैबेरियाच्या अगदी डोक्यावर ‘लाप्तेव सी’ असे इंग्रजी नाव दिसले. “हा लाप्तेव कोण?” असे एकाने विचारले. आम्ही शोध घेतला, तर प्रश्नच चुकलेला निघाला. लाप्तेव एक नव्हे, दोन!

दिमित्री आणि खारितोन लाप्तेव हे चुलतभाऊ, दोघेही रशियन आरमारातले अधिकारी. १७३३ ते १७४३ या काळात रशियाने उत्तर किनारा मोजायला मोठी मोहीम काढली होती. तीत दिमित्रीने लेना नदीच्या मुखापासून पूर्वेकडचा किनारा पाहिला आणि खारितोनने पश्चिमेला तैमिर द्वीपकल्पाचा. १७४० साली खारितोनचे जहाज बर्फात सापडून फुटले, पण त्याने कुत्र्यांच्या गाड्यांवरून काम चालू ठेवले. १९३५ साली सोव्हिएत सरकारने या समुद्राला दोघांचे नाव दिले.

रशियन नाव आहे ‘मोर्ये लाप्तेविख’. मोर्ये म्हणजे समुद्र. (मोरे आडनावाच्या मंडळींनी उगाच खूश होऊ नये!) शेवटचे ‘इख’ महत्त्वाचे. ती षष्ठी आहे, आणि तीही अनेकवचनाची. एकटाच असता तर ‘लाप्तेवा’ झाले असते. जवळच्या सामुद्रधुनीला एकट्या दिमित्रीचे नाव आहे. तिथे ‘दिमित्रिया लाप्तेवा’ असेच लिहितात. इंग्रजीने प्रत्यय गाळला आणि एक भाऊ नकाशावरून नाहीसा झाला! तुम्ही घाईत ‘मामा घर’ म्हणता, तेव्हा आम्ही का रागावतो ते आता कळले ना?

मराठीतही एक अडचण आहेच. ‘काकांचे घर’ म्हटले तर काका एक की दोन? आपण एकालाही आदराने अनेकवचन लावतो. म्हणून ‘लाप्तेवांचा समुद्र’ पुरत नाही. ‘लाप्तेव बंधूंचा समुद्र’ म्हणावे, असे आमचे मत.

आडनावाचीही गंमत आहे. ‘लापोत’ म्हणजे झाडाच्या सालीचा विणलेला जोडा, आणि ‘एव’ म्हणजे जवळजवळ आपला ‘चा’. म्हणजे आडनावात एक ‘चा’ आधीच बसला होता, त्यावर हा दुसरा!

आता घरी नकाशात पश्चिमेकडे बॅरेंट्स समुद्र शोधा. बॅरेंट्स हा डच दर्यावर्दी. रशियनमध्ये त्याचा समुद्र ‘बारेन्त्सेवो मोर्ये’. हा ‘एवो’ म्हणजे त्याच ‘एव’चे नपुंसकलिंगी रूप, कारण रशियनमध्ये समुद्र नपुंसकलिंगी. आपले चा, ची, चे बदलतात, अगदी तसेच.