ब्लँटायरचा बाळंतविडा

ब्रिटनमधल्या विणणाऱ्या बायकांचा एक लाडका नमुना आहे, 'फिश अँड चिप्स जंपर'. तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी वर्तमानपत्रात बांधून द्यायची तिकडे जुनी रीत होती. आफ्रिकेतल्या काही इस्पितळांतून कपड्यांअभावी बाळंही अशीच कागदात गुंडाळून घरी जातात, अशी हकिकत पसरली आणि त्यांच्यासाठी विणलेल्या स्वेटरला हे नाव चिकटलं. मला ते जरा खटकतं. बाळ म्हणजे काय पुडी आहे? पण नमुना पाहिला की तो बेतणारीला मनोमन दाद द्यावीशी वाटते.

आठ नंबरच्या सुया घ्यायच्या. अंगाचा भाग दोन सुलट, दोन उलट. ही वीण ताणते, त्यामुळे बाळाने थोडं बाळसं धरलं तरी स्वेटर पुरतो. मग दोन्हीकडे टाके वाढवून बाह्या काढायच्या आणि वरचा भाग नुसता सुलट विणायचा. मधोमध गळ्याचे टाके बंद करायचे, पुढच्या ओळीत तेवढेच नव्याने घालायचे आणि आल्या वाटेने खाली उतरायचं. अधिकच्या चिन्हासारखा एक सलग तुकडा हाती येतो. तो दुमडून दोन कडा शिवल्या की झालं. बटण नको, रिबीन नको. ती सुटून बाळाच्या तोंडात जाईल. जाळीची वीण नको, तिच्यात इवली बोटं अडकतात. आणि पांढरी लोकर तर नकोच, कारण पाणी लांबून आणावं लागतं तिथे डाग कोण धुणार? आपली कला मिरवायला जागाच ठेवलेली नाही, हीच या नमुन्याची खुबी.

असे स्वेटर आणि टोपडी आफ्रिकेत अनेक ठिकाणी जातात, त्यांत मलावी हा देशही आहे. स्कॉटलंडशी त्याचं नातं जुनं. डेव्हिड लिव्हिंग्स्टन ज्या ब्लँटायर गावात जन्मला, त्याच नावाचं शहर मलावीत वसलं. आफ्रिका म्हटलं की आपल्याला ऊन आठवतं, पण हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर आहे आणि जून-जुलैच्या रात्री तिथे चांगलीच थंडी पडते. त्यात 2012 सालच्या जागतिक अहवालात अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचं सर्वाधिक प्रमाण मलावीतच नोंदलं गेलं, शंभरात अठरा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला थंडी म्हणजे मोठं संकट. कातडी पातळ, अंगात चरबी नाही. आपल्याला हुडहुडी भरते, बाळाला तीही भरत नाही. अंगाच्या मानाने डोकं मोठं, म्हणून ऊबही तिथूनच भरभर निघून जाते. शरीराचं तापमान 36.5 अंशांखाली जाऊ द्यायचं नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. आपल्याकडची आजी हा आकडा न ऐकताच कुंची बांधते.

ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये तर टोपडं यंत्राचा भागच होऊन बसलं. फुप्फुसं कच्ची असलेल्या बाळांना दाबाखाली हवा देण्यासाठी अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात एक स्वस्त यंत्र तयार झालं. त्यात पंप वापरला तो माशांच्या काचपेटीचा! यंत्राचं नाव 'पुमानी', तिथल्या चिचेवा भाषेतलं, श्वासाशी जोडलेलं. या इस्पितळातल्या चाचणीचे निष्कर्ष 2014 साली छापून आले: नुसत्या ऑक्सिजनवरच्या बाळांपैकी 44 टक्के वाचली, यंत्रावरची 71 टक्के. अशा उपचारात नाकातल्या नळ्या जागच्या हलू नयेत म्हणून त्या बाळाच्या टोपीला पक्क्या करतात. टोपी सैल असली तर नळी सरकते आणि दाब जातो. विणताना चार टाके जास्त पडले तर काय बिघडतं, असं म्हणणारीने हे ऐकावं.

तरीही एक प्रश्न उरतोच. लोकरीपेक्षा टपालखर्च जास्त होत असेल, तर हा खटाटोप कशाला? सुया आणि लोकर तिथल्याच बायकांच्या हाती दिली तर? मला हा आक्षेप पटतो. 1995 पासून गडचिरोलीतल्या 39 गावांत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केलं. बाळाला उबेत ठेवायची पिशवी आणि जंतुसंसर्गावरचं इंजेक्शन, दोन्ही त्या घरी जाऊन वापरत. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अहवाल आला, तोवर तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. यश एकट्या पिशवीचं नव्हे, हे खरं. पण ऊब देणारं माणूस त्याच गावचं होतं.

शिवाय मलावीतही आता भर आहे तो कांगारू पद्धतीवर. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्यूबेटर पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधलं, तिथून ही पद्धत सुरू झाली. यात कातडीला कातडी लागायला हवी. म्हणून आई बाळाचा तो दोन सुलट, दोन उलट स्वेटर काढून बाजूला ठेवते. बाळाच्या अंगावर उरतो लंगोट, पायमोजे आणि डोक्यावरचं टोपडं.