कॉम्प्युटरची विचित्र चाल: घोडचूक की आपल्याला न दिसलेला डाव?

नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी इथे कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. अशा सामन्यांच्या थेट प्रक्षेपणात पटाशेजारी एक काळी-पांढरी पट्टी वरखाली होत असते. ती एका बाजूला कलली की कमेंट्समध्ये लगेच निकाल लागतो: ‘ब्लंडर!’

ही पट्टी म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमचं, इंजिनचं मत. पण इंजिननेच चक्रावून टाकणारी चाल खेळली, तर ती चूक आहे का हे कसं ठरवायचं?

कास्पारोव्हचं काय झालं?

मे १९९७, न्यू यॉर्क. पहिल्या डावात आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने ४४व्या चालीला हत्ती अशा घरात नेला, की हेतूच कळेना. डाव कास्पारोव्हने जिंकला. तरी या चालीमागे खोल गणित असणार, असं त्याच्या गोटाला वाटलं. डीप ब्लू घडवणाऱ्यांपैकी मरे कॅम्पबेल यांनी पुढे सांगितलं, की तो प्रोग्रॅममधला बिघाड होता.

दुसऱ्या डावात उलट घडलं. प्यादी मारायची संधी सोडून डीप ब्लूने उंटाची शांत चाल केली. ती खरोखरच उत्तम होती. दबावाखाली कास्पारोव्हने अखेर डाव सोडला. नंतरच्या विश्लेषणात सतत शह देत बरोबरी साधण्याची वाट दिसली. यंत्राने अशी वाट मोकळी सोडली नसेल, हे त्याने गृहीत धरलं होतं. सामना तो साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरला.

मग तपासायचं कसं?

उत्तर शोधा. चाल चूक असेल, तर तिचा फायदा उठवणारी प्रतिस्पर्ध्याची चाल दाखवता आली पाहिजे.

वेळ द्या. ‘स्टॉकफिश’ हे मोफत इंजिन दोन सेकंदांत देतं ते मत काही मिनिटांनी बदलू शकतं. बलिदान दिलेल्या सोंगटीचा मोबदला कधी कधी बऱ्याच चालींनंतर मिळतो.

आकडा नको, निकाल पाहा. +९ वरून +५ झालं तरी डाव जिंकलेलाच असतो. शून्यावरून −३ झालं, तर ती घोडचूक. डीप ब्लूच्या हत्तीची चाल बिघाडातून आली होती, पण त्याचा डाव आधीच हातचा गेला होता. तो त्या चालीमुळे हरला नाही.

सोंगट्या मोजा. राजांसह पटावर सात किंवा कमी सोंगट्या उरल्या, की ‘टेबलबेस’ पाहता येतो. त्यात अशा स्थितींचा निकाल आधीच पूर्ण मोजलेला असतो, त्यामुळे वादाला जागा उरत नाही.

चाल विचित्र दिसते म्हणून ती चूक ठरत नाही आणि कॉम्प्युटरने केली म्हणून बरोबरही ठरत नाही. पुढच्या वेळी ‘ब्लंडर’ लिहिण्याआधी त्यावरची उत्तराची चाल सापडते का, ते बघा.